मामाजींच्या नावाचा माणूस

हिंमतचं लग्न लागलं त्याच महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं, त्यामुळे पुंजाजीच्या घरात कोणत्याही गोष्टीचं साल काढायचं झालं की लग्नापासून मोजायची सवय पडली. शालू सून होऊन आली ते साठ साल. विहिरीची कड ढासळली ते लग्नाचं दुसरं वर्ष. आणि जिच्याबद्दल घरात कुणी तोंड उघडत नसे ती गोष्ट घडली लग्नानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, म्हणजे त्रेसष्ट साल सरता सरता.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. ओढ्याकाठी पुंजाजीचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कांदा. माल संग्रामपूरच्या बाजारात जायचा. ओढ्याच्या पलीकडे दुसऱ्या एका पुंजाजीची जमीन होती. हा भगवंतराव पाटलांचा पोरगा, पस्तिशीचा, अंगापिंडानं भरलेला. त्यानं ओढ्यावर ऑईल इंजिन बसवलं तेव्हापासून उन्हाळ्यात खालच्या मळ्याला पाणी पोचेना, आणि त्यावरून दोघा पुंजाजींची दोनतीनदा चांगलीच जुंपली होती.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि सासऱ्याचं तर नाहीच नाही. तेच नाव दुसऱ्या कुणाचं असलं तरी ते तिच्या ओठावर येत नाही. पुंजाजीची बायको अन्नपूर्णाबाई, तिच्या नवऱ्याचं ते नाव. शालूच्या सासऱ्याचं ते नाव. म्हणून इंजिन आलं त्याच आठवड्यात अन्नपूर्णाबाईनं पलीकडच्या पुंजाजीला 'इंजिनवाला' करून टाकलं. शालू घरात आली तशी तिनंही तेच उचललं. त्या शिवारात इंजिनं आणखी दोघांकडे होती, पण ह्या घरात इंजिनवाला म्हटलं की एकच माणूस. आपणही त्याला इंजिनवालाच म्हणू, म्हणजे घोटाळा नको.

त्या दिवशी शालू मेथी काढायला एकटी गेली होती. ऊन कलायच्या आत ती पळत घरी आली. लुगडं फाटलेलं, बांगड्या फुटून मनगटाला लागलेल्या. दारातच खाली बसली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, इंजिनवाल्यानं माही अब्रू घेतली." अन्नपूर्णाबाईनं कोण म्हणून विचारलं नाही. मागून आलेल्या पुंजाजीनंही विचारलं नाही. विचारायचं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीनं तिला ठाण्यात नेलं. लिहून घेणारा जमादार दूरच्या मुलखातला. त्यानं विचारलं, कोण होता? शालू सासऱ्याकडे पाठ करून, पदर पुढे ओढून म्हणाली, "इंजिनवाला." जमादारानं लिहिलं, एक इंजिनवाला इसम. पुढं वाचून दाखवलं, आणि पुंजाजीला त्यात काही कमी वाटलं नाही. त्याच्या कानाला ते पुरं होतं. तिसऱ्या दिवशी पोलीस गावात आले, शिवारात तीन इंजिनं पाहून चक्रावले, तेव्हा पुंजाजीच पुढं होऊन म्हणाला, "साहेब, माह्याच नावाचा हाय तो. पुंजाजी भगवंतराव."

एवढंच झालं होतं. पण त्या एवढ्याचंच पुढं सगळं झालं.

सेशन कोर्टात शालू साक्षीला उभी राहिली तेव्हा पुंजाजी मागच्या बाकावर होता. तिनं सगळं सांगितलं. वकिलांनी आडवंतिडवं विचारलं, तरी सांगितलं. मग आरोपीच्या वकिलानं विचारलं, "ह्याचं नाव काय?" शालूनं पिंजऱ्याकडे बोट केलं. "बोट नको. नाव." शालू गप्प. वकील हसून न्यायाधीशांकडे वळला, म्हणाला, बाईला नावच ठाऊक नाही, नाव पढवणारे दुसरेच आहेत. तिची अडचण त्या खोलीत एकट्या पुंजाजीलाच कळत होती, आणि ती सोडवणंही त्याच्याच हातात होतं. तो उठून उभा राहिला.

"घे पोरी, नाव घे," तो म्हणाला. "माही परवानगी हाय."

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. शिपायानं पुंजाजीला दंडाला धरून बाहेर काढलं. पुढं आत काय झालं ते त्याला दिसलं नाही. निकालात इंजिनवाल्याला पाच वर्षांची सजा झाली आणि पुंजाजीला वाटलं, आपण उठलो म्हणून निभावलं.

महिनाभरात इंजिनवाला जामिनावर सुटून आला. वर नागपूरला अपील दाखल झालं होतं. ओढ्यापलीकडे पुन्हा पुक्‌ पुक्‌ सुरू झालं.

तो आवाज पुंजाजीला दिवसभर पुरे. वाफ्यात बसला की पलीकडून पुक्‌ पुक्‌. भाकरीचा तुकडा मोडला की पुक्‌ पुक्‌. शालूनं मळ्यात जाणं सोडलं, मग अंगणात येणं सोडलं. शेवटी हिंमत म्हणाला, "थोडे दिवस वडनेरले राहू दे तिले भावाजवळ. अपिलाचं काय होते ते पाहू. मंग आणू."

"अपिलाचा आन् आणण्याचा काय संबंध बे?" पुंजाजी म्हणाला.

"लोकं बोलून राह्यले, बा."

"लोकाईचं सोड. तू काय बोलून राह्यला?"

हिंमत वाईट पोरगा नव्हता. कामाला वाघ होता, आईला कधी उलटं बोलला नव्हता. पण खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "मोठं कोर्ट काय म्हणते ते तं पाहू."

शालू जाताना रडली नाही. पुंजाजीच्या पाया पडली आणि बसमध्ये चढण्याआधी म्हणाली, "मामाजी, तो जेलात जावो का सुटो. मी खोटी हाव असं कागदात येऊ नये. एवढं पाहा."

पुंजाजीनं हो म्हटलं. काय पाहायचं आणि कसं पाहायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तो शेगावला शंकरराव वकिलाकडे गेला. शंकररावांचा आणि खटल्याचा तसा संबंध नव्हता, खटला सरकारचा होता. पण त्यांच्या घरी वर्षानुवर्षं पुंजाजीची वांगी जात होती, आणि माणूस बोलका होता.

"अपिलात शालूले बोलावतीन ना?" पुंजाजीनं विचारलं.

"नाही."

"मंग मले?"

"तुम्हाले तर मुळीच नाही. तुम्हाले जेवढं बोलायचं होतं तेवढं तुम्ही बोलून बसले." शंकररावांनी पान तोंडात घातलं. "अपिलात माणसं नाही येत पुंजाजी, कागद येतात. खाली जे लिहिलं गेलं ते वर वाचतात."

"आन् तिचं तोंड पाह्यल्याबिगर कसं समजते खरं का खोटं?"

"तीच तर मेख आहे. खालच्या न्यायाधीशानं तिले डोळ्यानं पाह्यलं, म्हणून त्याच्या म्हणण्याले वजन असते. पण वरचा फिरून तोलतोच. आता ऐका. अशा कामात बाईच्या एकटीच्या बोलण्यावर सजा देऊ नये असं कायदा म्हणत नाही. पण कोर्ट म्हणते, जरा जपून. तिनं पहिल्यांदा कोणाले सांगतलं, कधी सांगतलं, अंगावर काय होतं, ते पाहतात. सांगणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे का, ते पाहतात."

"एकच हाय."

"आहे ना. पण पहिल्या कागदात नाव नाही. नाव आलं तिसऱ्या दिवशी, ते तुमच्या तोंडून. तुमचं त्याच्याशी पाण्यावरून भांडण, हे सारं गाव सांगते. अन् कोर्टात ती नाव घेत नाही, तर तुम्ही उठून सांगता घे म्हणून. न्यायाधीशानं ते लिहून ठेवलं आहे, शब्द न् शब्द. आता तुम्हीच सांगा, नागपूरच्या खुर्चीवर बसून हे वाचलं तर काय वाटन?"

"पण म्या नाव सांगतलं नाही. म्या परवानगी देल्ली."

"ते तुमच्या गावात. कागदात साक्षीदाराले मागून बोलणं म्हणजे पढवणं."

घरी येताना बसमध्ये पुंजाजीला तेच एक घोकल्यासारखं झालं. मी उठलो नसतो तर. न उठता ती तशीच उभी राहिली असती तर? वकील हसला असता, आणि तेही लिहिलं गेलं असतं. दोन्हीकडून वाईटच होतं. पण ती गप्प राहिली असती तर ते तिचं तिनं केलं असतं, हे मात्र त्यानं स्वतः ओढवलं होतं, हे मनातून जाईना. ज्या सुनेनं चार वर्षांत त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, तिचा खरेपणा त्याच्या एका वाक्यापायी नागपूरच्या कपाटात अडकला होता.

गावातल्या माणसांना ह्यातलं अर्धंमुर्धं कळलेलं. बाजाराच्या बैलगाडीत जानराव मुद्दाम मोठ्यानं विचारी, "कोणता पुंजाजी येऊन राह्यला बे? जामिनावरचा का वांग्यावरचा?" गाडी हसायची. पूर्वी पुंजाजीही असल्या गमतीला हसला असता. आता तो टोपलं मांडीवर घेऊन सातपुड्याकडे पाहत बसायचा.

त्या दीड वर्षात त्याला एका जागी बसवेना. वाफे तेच तेच करायचा. बांधाची बरी असलेली मेर मोडून पुन्हा घालायचा. शेगावला इतक्या वेळा गेला की शंकररावांची बायको त्याला पाहताच चहाचं आधण वाढवायची. एकदा तो म्हणाला, "वकीलसाहेब, मी माहं नावच बदलून टाकतो. मंग तं घेईन ना ती सरळ?"

शंकरराव हसता हसता थांबले. "आता बदलून काय होते, पुंजाजी? नाव बदललं तर तेही म्हणतीन कट आहे."

सहासष्टच्या जानेवारीत तारीख लागली. शंकररावांचं नागपुरात दुसरं काम होतं, त्यांच्याबरोबर पुंजाजी शेगावहून रेल्वेनं गेला. कोर्टाची इमारत पाहून त्याला आधी हे देऊळच वाटलं. त्यानं पायरीला हात लावून कपाळाला लावला, तसे शंकरराव म्हणाले, "झालं, इथंही सुरू केलं तुम्ही."

आत सगळं इंग्रजीत. आरोपीचा वकील उंच, आवाज गोड. तो बराच वेळ बोलला. मधूनच 'पुंजाजी' एवढा शब्द यायचा आणि पुंजाजी दचकायचा, कारण ह्या वेळी तो कोणता हे त्याला कळायला मार्ग नव्हता. एकदा वकिलानं हात वर करून, उठल्यासारखं करून, मागं वळून दाखवलं. तेवढं मात्र पुंजाजीला लख्ख कळलं. तो बाकावरून अर्धा उठला. शंकररावांनी त्याचं धोतर धरून खाली ओढलं.

"बसा. एकदा उठले ते पुरे झालं."

"त्याले सांगा ना, म्या नाव नाही सांगतलं."

"बसा म्हणतो."

सरकारी वकील तरुण होता, भराभर बोलला. न्यायाधीश म्हातारे, चष्मा नाकावर. त्यांनी कागद मागं उलटले, एका पानावर थांबले. मग त्यांनी आरोपीच्या वकिलाला काहीतरी विचारलं, आणि विचारता विचारता स्वतःचे दोन्ही हात उचलून दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावले. वकील गोंधळला. सरकारी वकीलही गोंधळला. न्यायाधीशांनी पुन्हा हात लावून दाखवले. कोर्टात कुणीतरी दबकं हसलं.

"साहेबाले कमी ऐकू येते का?" पुंजाजी कुजबुजला.

शंकरराव पुढं वाकून ऐकत होते.

बाहेर आल्यावर, झाडाखाली, त्यांनी सांगितलं. पुंजाजीला बाहेर काढल्यावर शालूनं नाव घेतलं होतं. ते घेऊन झाल्याबरोबर तिनं दोन्ही कानांना हात लावले आणि जमिनीला वाकली. खालच्या न्यायाधीशांनी साक्षीच्या कागदावर तेही लिहून ठेवलं होतं, साक्षीदारानं नाव घेतलं, नंतर कानांना हात लावले. वरच्यांनी विचारलं, पढवलेली साक्षीदार नाव घेतल्यावर माफी कशाची मागते?

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मी आशिलाले विचारून सांगतो." शंकररावांना हसू आवरेना. "आता आशील काय सांगते त्याले?"

पुंजाजी हसला नाही. शालूनं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो नसतानासुद्धा तिनं त्याची माफी मागितली होती. आणि त्याला दीड वर्ष वाटत होतं की त्यानं परवानगी दिल्यावर तिला काही जड गेलं नसेल.

"मंग लागलं म्हणायचं का आपल्याकडून?"

"तसं म्हणू नका. विचारणं निराळं, लिहिणं निराळं."

निकाल महिन्याभरानं आला. तो महिना पुंजाजीला आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा वाईट गेला. अन्नपूर्णाबाई त्याला म्हणायची, "उगी फिरत राहू नोका, मले गरगरते." निकाल लागल्याचा निरोप शेगावहून आला तसा तो अंगावरच्या कपड्यानिशी गेला.

अपील फेटाळलं होतं. सजा कायम. शंकररावांनी त्याला मराठीत समजावून सांगितलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की म्हाताऱ्यानं उठून बोलायला नको होतं, आणि त्यापायी साक्ष जास्त बारकाईनं तपासावी लागली. पण त्यानं नाव पुरवलं नाही, नाव घ्यायची मोकळीक दिली. ह्या भागातली सून सासऱ्याचं नाव घेत नाही हे कोर्टाला ठाऊक आहे. सासूनंही साक्षीत त्याला इंजिनवालाच म्हटलं, म्हणजे घरात तो कोण हे ठरलेलं होतं. सुनेनं पहिल्या घटकेला, दारातच, तोच माणूस सांगितला. फाटलेलं लुगडं आणि मनगटाच्या जखमा त्याला धरून आहेत.

"आन् ती?" पुंजाजी म्हणाला. "तिच्याबद्दल काय लिवलं?"

शंकररावांनी बोट ठेवून ओळ वाचली आणि मराठीत सांगितली, "ही बाई खरं बोलली. तिच्या बोलण्यावर अविश्वास दाखवावा असं आम्हाला काही दिसत नाही."

पुंजाजीनं ती ओळ तीनचारदा म्हणवून घेतली. पाठ झाल्यावरच उठला.

इंजिनवाल्याला पोलीस घेऊन गेले. हिंमतनं दाढी केली, नवी टोपी घातली आणि म्हणाला, "चाला बा, वडनेरले जाऊ. तिले घेऊन येऊ." दोघं नांदुऱ्याला गाडी बदलून गेले.

शालू भावाच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. रंग उतरला होता, पण चालणं पूर्वीचं. तिनं सासऱ्याच्या पाया पडून पाणी आणलं, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय लिवलं, मामाजी? जसं हाय तसं सांगा."

पुंजाजीनं ती ओळ म्हटली. शालूनं डोळे मिटले. "फिरून सांगा," ती म्हणाली. त्यानं फिरून सांगितली. तिच्या छातीचा भाता हळूहळू खाली बसला.

हिंमत पुढं सरकला. "झालं ना आता? चाल. दुपारची गाडी हाय. माय वाट पाहून राह्यली."

"तुमी आज कसे आले?" शालू म्हणाली. ती सरळ त्याच्याकडे पाहत होती.

"निकाल लागला ना."

"उलटा लागला असता तं?"

"उलटा कसा लागन? खरं होतं तं."

"खरं होतं हे तुमाले कधी समजलं?"

हिंमत मिरच्यांकडे पाहू लागला.

"म्या त्याच दिशी सांगतलं," शालू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आत्याबाईले सांगतलं, तुमाले सांगतलं. त्या साहेबानं मले पाह्यलं नाही, माहा आवाज ऐकला नाही. कागदावरून त्याले पटलं. तुमी तं एका ताटात जेवत होते माह्यासंगं."

"लोकं बोलत होते, शालू."

"हाव. तुमी बी त्याईच्यातच बसले होते."

हिंमत बापाकडे वळला. "बा, तुमी सांगा ना तिले. तुमचं ऐकते."

ते खरं होतं. पुंजाजी चल म्हणाला असता तर शालू पिशवी भरून बसमध्ये बसली असती. त्याला ती घरी हवी होती. अन्नपूर्णाबाईचे गुडघे गेले होते, मळ्याला हात नव्हते, आणि सून घरी आली म्हणजे गावाची तोंडं बंद झाली असती. ते सगळं त्याच्या मनात येऊन गेलं.

"मी नाही सांगत," तो म्हणाला. "म्या एकदा तिच्या बोलण्यात तोंड घातलं. ते निस्तरता निस्तरता दीड साल गेलं. आता काय बोलायचं ते तिनं बोलावं."

"मी येत नाही," शालू म्हणाली. "जेवून जा दोघं. पिठलं टाकते."

ते जेवले. हिंमत दोन घासांवरच उठला. संध्याकाळी घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईनं दारातून रिकामा रस्ता पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी होते ना संगं?" तो म्हणाला, "होतो." मळ्यात जाऊन तो ओढ्याकडे तोंड करून बसला. पलीकडे इंजिन बंद होतं. तरी त्याला बसवेना. तो उठला, मेरेवरून टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

हिंमत पुढं आणखी दोनदा वडनेरला जाऊन आला. शालू आली नाही. पुंजाजी मात्र दर हंगामाला कांद्याची एक गोणी तिकडे टाकून यायचा, अर्धा दिवस बसायचा, परत यायचा.

इंजिनवाला सजा भोगून सुटायच्या आधीच, एकोणसत्तर सालच्या माघ महिन्यात, पुंजाजी आपल्या घरी तापानं वारला.